वरिजनल शेपूट

खोली बघायला गेले तेव्हा आप्पांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही. लग्न झालंय का, मटण-मासे करता का, भेटायला कोण कोण येतं, ही जी प्रश्नपत्रिका निगडीतल्या प्रत्येक घरमालकापुढं सोडवून मी वैतागले होते, तिच्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. ओट्यावर बसले होते. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "काय बदलणार न्हाई ना?"

"म्हणजे?"

"म्हंजे नळ, बटणं, कड्या, कोयंडे. खोलीत जे हाय ते समदं वरिजनल हाय."

"नळ गळतोय पण," मी म्हणाले. गळण्याचा आवाज खाली ओट्यापर्यंत येत होता.

"गळंल की. पर वरिजनल गळतोय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. सामान आणून टाकलं. पुढं बरीच वर्षं मी त्या नळाखाली बादली लावून झोपले, पितळी बटणांचे झटके खाल्ले, आणि चाकणच्या कंपनीची बस चुकली की त्याचं खापर त्या खोलीवर फोडलं. पण सोडली नाही. आता वाकडला एकविसाव्या मजल्यावर राहते, सगळे नळ नवे आहेत, आणि एकही शेजारी लक्षात राहण्याच्या लायकीचा नाही.

आप्पा जुन्या गावठाणातले. जमिनी प्राधिकरणात आणि कारखान्यांत गेल्या तेव्हा त्यांच्या भावांनी रीतसर जे करायचं ते केलं. थोरल्यानं शर्यतीचे बैल पाळले आणि त्यांच्यासाठी पोरांच्या खोलीपेक्षा मोठा गोठा बांधला. धाकटा दरवर्षी चौकात स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा, गॉगलसकट. मधल्या आप्पांनी गिटारी जमवल्या. तेही कसल्याही नाहीत. विजेवरच्या, जुन्या आणि अर्धपोकळ.

अर्धपोकळ म्हणजे काय, हे मला पहिल्याच रविवारी ऐकून घ्यावं लागलं. "हे बगा मॅडम, साधी गिटार आतनं समदी पोकळ. विजेची म्हंजे बहुतेक भरीव, नुसती फळी. ही मधी भरीव, दोनी कडंनी पोकळ. म्हणून हिचा आवाज गोड बी हाय आन् दमदार बी हाय."

आत काकी, म्हणजे आप्पांची बायको, भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "यांचं डोस्कं उलटं हाय. कडंनी भरीव, मधी पोकळ."

त्या घरात एकच एसी होता, आणि तो गिटारींच्या खोलीत. लाकडाला दमट हवा सोसत नाही म्हणे. उन्हाळ्यात काकी पदरानं वारा घेत दारात बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मला पंखा, सवतींना एसी." आप्पांवर याचा काडीचा परिणाम होत नसे. त्यांच्या बहुतेक गिटारी ज्या अमेरिकन कंपनीच्या होत्या, तिचं नावसुद्धा ते कधी तोंडानं घेत नसत. "तिकडची" म्हणायचे. मी एकदा नाव घेतलं, तर असे लाजले की बघत राहावं.

बरं, वाजवता येत होती का? छे! एकही सूर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वाजवणारे वाजवत्यात. आमी सांभाळतो." सांभाळणं म्हणजे काय, तर सदऱ्याच्या खिशातलं भिंग काढायचं आणि एकेक स्क्रू बघत बसायचं. कुठला मूळचा, कुठला नंतर बसवलेला. मूळच्या स्क्रूवरचा गंज त्यांना अंगाऱ्यासारखा होता. त्याला फडकं लावायचं नाही, तेल लावायचं नाही, त्याच्याजवळ जोरात शिंकायचंही नाही. मी चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी विभागात होते. आमच्याकडं गंजाचा ठिपका दिसला की अख्खा माल परत पाठवतात. तो आप्पांना दाखवायला आणला असता तर त्यांनी देवघरात मांडला असता.

त्यांचं हे भिंग गिटारीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलगा लाजून खाली बघत होता, आणि आप्पा उठून त्याच्यामागं गेले. आम्हाला वाटलं पंखा लावायला उठले. भिंग काढून त्यांनी मुलाच्या कपाळाच्या वरची कड तपासली आणि भर बैठकीत जाहीर केलं, "हे वरिजनल न्हाई." टोपच निघाला तो! मुलाची आई रडायला लागली, आप्पांच्या थोरल्या भावानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. लग्न मात्र झालं. पुतणी म्हणाली, "संसार काय केसांशी करायचाय?" आप्पा लग्नाला गेले नाहीत, कारण त्यांना आमंत्रणच नव्हतं.

सगळ्या गिटारींत त्यांचा जीव एका लालवर होता. ती आली कशी, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. ते बारा-तेरा वर्षांचे असताना गावच्या यात्रेला ठरलेला तमाशा आलाच नाही. ऐन वेळी पिंपरीच्या एका कंपनीतल्या कामगारांचा ऑर्केस्ट्रा बोलावला. लोकांनी आधी शिव्या घातल्या. मग एक कुरळ्या केसांचा गडी लाल गिटार घेऊन पुढं आला, आणि त्यानं जे काही वाजवलं ते ऐकून आप्पा स्पीकरच्या डब्याला टेकून बसले ते उठलेच नाहीत. "पोटात वाजत व्हती मॅडम, कानात न्हाई," ते सांगायचे.

तो गडी म्हणजे मास्तर. मूळचे रत्नागिरीकडचे, मशीन शॉपमध्ये नोकरी, संत तुकाराम नगरात घर. गिटार त्यांना बोटीवर काम करणाऱ्या मामानं कोरी आणून दिली होती. ऑर्केस्ट्रा बंद पडला, मास्तर निवृत्त झाले, आणि आप्पा त्यांचा पत्ता काढत त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. मास्तरांनी गिटार दिली. नुसती माळ्यावर पडून होती, म्हणाले. एकच अट घातली, की अधूनमधून आणत जा, वाजवीन.

आता कुठलाही शहाणा माणूस दुसऱ्याच दिवशी घेऊन गेला असता. आप्पांनी घरी येऊन भिंग काढलं. गिटारच्या खालच्या अंगाला तारा जिथं अडकवतात ती धातूची पट्टी, तिला टेलपीस म्हणतात आणि आप्पा शेपूट म्हणायचे, ती मूळची निघाली नाही. जुनी कधीतरी मोडली होती आणि मास्तरांनी भोसरीतून दुसरी करून घेतली होती. झालं. आप्पांनी तारा काढल्या, ती पट्टी उपटली आणि जाहीर केलं, की वरिजनल शेपूट मिळेपर्यंत ही गिटार वाजणार नाही. "मास्तर वाजवतील तर पुऱ्या अंगाची वाजवतील. लंगडी न्हाई."

आणि मग ती लाल गिटार बिनतारांची पडून राहिली. वर्षं गेली.

या वर्षांत मास्तरांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग सही जमेना. मग सून शर्टाची बटणं लावून द्यायला लागली. आप्पा दर गुरुवारी त्यांच्याकडं जायचे आणि परत आले की ओट्यावर गप्प बसायचे. एकदा मीच विचारलं, "कसे आहेत मास्तर?"

"डाव्या हाताची दोन बोटं अजून आयकत्यात," आप्पा म्हणाले.

"मग द्या ना नेऊन! ती भोसरीची पट्टी परत बसवा आणि वाजवू द्या त्यांना."

"डुप्लिकेट?" असं म्हणाले, जणू मी त्यांना गिटार घालून चूल पेटवायला सांगितली होती. मला इतका राग आला! एकीकडं या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका संध्याकाळच्या आवाजासाठी थांबलेलं, तो आवाज काढणारा माणूस दिवसादिवसानं हातातून निसटतोय हे त्याला दिसतंय, आणि हा अडून बसलाय कशाला, तर वीतभर पट्टीला. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. नळाखालची बादली मुद्दाम आपटून ठेवली.

मूळची पट्टी शेवटी इंटरनेटवर शोधताना एका जपानी आजोबांकडं सापडली. तेही असलेच. इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडं होतं, पण मधूनच दोघं व्हिडिओवर समोरासमोर यायचे आणि मग शब्दांची गरज उरत नसे. इकडून भिंग, तिकडून भिंग. आप्पा फोनसमोर एक स्क्रू धरायचे, आजोबा "ओऽऽ" करायचे. आजोबांनी त्यांचा एखादा स्क्रू दाखवला की आप्पा कपाळाला हात लावायचे. आजोबांना खात्री हवी होती की पट्टी योग्य घरी चालली आहे. मुलगी देतानाही कोणी इतकी चौकशी करत नाही. शेवटी ते तयार झाले, आणि नवरात्रात कुरिअर आलं.

आप्पांनी खोकं उघडलं. आत मऊ कागदात गुंडाळलेली, काळवंडलेली, कडांना हिरवट चढलेली, आमच्या कंपनीच्या फाटकातूनही आत आली नसती अशी पट्टी. आप्पांनी ती दोन्ही हातांत धरली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. म्हणाले, "दसऱ्याच्या मुहूर्ताला बसवू. त्याच दिवशी मास्तरकडं." आणि तोवर सुरक्षित राहावी म्हणून ती देवघरात ठेवली, घटाशेजारी. कुणाला काही सांगितलं नाही. आप्पांची चूक झाली ती इथं.

कारण खंडेनवमी आली. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या दिवशी लेथपासून विळीपर्यंत सगळं लोखंड धुऊन, पुसून, लखलखीत करून पूजेला मांडतात. काकी पहाटेपासून घासत बसलेल्या. विळी झाली, खुरपं झालं, आडकित्ता झाला. देवघरात बघतात तर घटाशेजारी हे काळंकुट्ट. बिचाऱ्यांनी आधी चिंचेनं घासलं. मग राखेनं. निघेना. तेवढ्यात आप्पांचा भाचा वर्कशॉपच्या पूजेचं बोलावणं घेऊन आला. भाच्याचं भोसरीला प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं काम. काकी म्हणाल्या, "बाबा, मामाचं काय तरी देवापाशी ठिवलेलं हाय, लई मळलंय. तेवढं उजळून आन."

भाच्याला एवढं पुरे होतं. मामावर त्याचा फार जीव. दसऱ्याच्या सकाळी तो ताट घेऊन आला. ताटात झेंडूची फुलं, आपट्याची पानं, आणि मधोमध ती पट्टी. हळद-कुंकू लावलेली. आणि काय चमकत होती! घरात ऊन आल्यासारखी.

"मामा, बफिंग सोता केलंय," भाचा म्हणाला. "आधी तांबं, मग निकेल, वरनं क्रोम. जन्मात गंजायची न्हाई!"

आप्पांनी भिंग काढलं. पट्टी उलटी केली. मागं कोरलेली बारीक अक्षरं होती, ती घासली जाऊन सपाट झाली होती. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग भिंग खिशात ठेवलं आणि जाऊन ओट्यावर बसले. भाचा माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आता परत हुडकायचं," आप्पा ओट्यावरून म्हणाले. "दुसरं मिळंल. वरीस-दोन वरीस जातील."

काकी बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वरीस-दोन वरीस? आन् तवर त्या मास्तरची बोटं काय तुमच्या एसीत ठिवायची? व्हय, चुकलं माजं! काळं व्हतं, घासाया दिलं. देवापाशी घाण कोन ठिवतं? पर तुमाला गिटार आयकायची का ठिवायची, येवढं एकदा सांगा. ठिवायची आसंल तर मास्तरला जाऊन सांगा, की तुमी मरा खुशाल, आमाला पट्टी घावली न्हाई!"

सणासुदीला मरणाचं नाव काढलं म्हणून स्वतःच्याच तोंडावर पिठाचा हात मारून त्या आत गेल्या.  आप्पा उठले. भाच्याकडं न बघता ताटातली पट्टी उचलली, एसीच्या खोलीत गेले, आणि तोंड फिरवून, जसं इंजेक्शन घेताना माणूस फिरवतो तसं, ती बसवली. तारा चढवल्या. मला म्हणाले, "मॅडम, स्पीकरचा डबा घ्या. रिक्षा बोलवा."

रिक्षात त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "मास्तर वळकतील."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. सोनं दिलं, पाया पडलो, सुनेनं श्रीखंड पुढं ठेवलं. आप्पांनी गिटारची पेटी उघडली आणि खाली मान घालून उभे राहिले, नापास झालेल्या पोरासारखे.

मास्तर वाकले. त्यांचा हात थरथरत त्या पट्टीवर गेला. आणि ते हसायला लागले.

"अरे मेल्या! ही कुठं सापडली तुला? हीच ती! मामानं खोक्यातून काढली तेव्हा अश्शीच होती. तोंड दिसायचं हिच्यात! स्टेजवर जायच्या आधी मी हिच्यात बघून भांग पाडायचो."

"मास्तर, त्ये भाच्यानं पालिश..."

"तो भाचा शहाणा! आणि तू काय करत होतास इतकी वर्षं?" मास्तर एकदम चिडले. "बाकीचं बघ. हे पत्रे हिरवे पडलेत, हे नॉब काळे ठिक्कर. फडकं नाही तुझ्या घरात? मी विश्वासानं दिली रे तुला. मी रोज पुसायचो. रोज!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी स्पीकरच्या डब्याकडं बघितलं. हसू आवरणं मुश्कील झालं होतं. ज्या गंजाला त्यांनी वारा लागू दिला नव्हता, त्याच्यासमोर आप्पांनी गुडघे टेकले, खिशातून रुमाल काढला, तोंडाची वाफ सोडली आणि पुसायला लागले. मास्तर वरून बोट दाखवत होते. "इकडं राहिलं. कोपऱ्यात. जोर लाव की जरा, भाकरी खात नाहीस?"

मग मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. सूर लावायला बराच वेळ गेला. पहिले दोन-तीन वेळा बोट तारेवरून घसरलं आणि नुसतीच खरखर झाली. सून दारात येऊन उभी राहिली. आणि मग लागला. एकच सूर, लांब, आणि त्यांच्या हाताबरोबर थरथरणारा. तो खोलीभर हलत राहिला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "पूर्वी सूर एवढा हलवायला पायाखाली वेगळं मशीन लागायचं. आता हात फुकट करतो."

त्यांनी संथपणे काहीतरी वाजवलं. चुकत, थांबत, एका ठिकाणी पुढचं विसरून परत मागं जात. चांगलं वाजवलं असं म्हणता येणार नाही. आप्पा मात्र जमिनीवर, त्या स्पीकरच्या डब्याला पाठ टेकून बसले होते आणि रडत होते. लपवतही नव्हते. मलाही राहवलं नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

मधेच मास्तरांना आवाज वाढवायचा होता. नॉब छोटा, गुळगुळीत. थरथरत्या बोटांत येईना. दोनदा निसटला. आप्पा उठले आणि त्यांनी वाढवून दिला. मग कमी करून दिला. मग तिथंच उभे राहिले, नॉबवर हात ठेवून, मास्तर मानेनं सांगतील तसे.

गिटार त्या दिवशी परत आलीच नाही. आप्पांनी मागितली नाही, मास्तरांनी सोडली नाही.

दोन दिवसांनी आप्पा मला म्हणाले, "मॅडम, आज शनवार, सुट्टी हाय ना? भोसरीला चला." भाच्याशी त्यांचा अबोला चालू होता, म्हणून मधे बोलायला माणूस लागत होता. वर्कशॉपात दसऱ्याचे हार अजून मशीनवर तसेच होते. भाचा धावत आला, पण आप्पा माझ्याकडंच तोंड करून उभे.

"ह्याला सांगा मॅडम, दोन नॉब पायजेत. आवाजाचे."

भाचा घाबरत म्हणाला, "मामा, वरिजनल द्या, माप घेतो. त्याला हात बी लावणार न्हाई, शप्पथ."

 आप्पांनी माझ्याकडं बघायचं सोडून थेट भाच्याचा हात धरला, त्याची बोटं उघडली आणि तळव्यावर स्वतःच्या बोटानं एक गोल काढला. चांगला मोठा, लाडवाएवढा.

"येवढे कर. कडंला खाचा पाड, म्हंजे बोट घसरायचं न्हाई," ते म्हणाले. "आन् चमकव चांगले. मास्तरला चमकल्यालं आवडतं."